समुद्रातल्या प्लास्टिकवर लिहिताय? मजकुराच्या रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्यावरणावरचे लेख, बातम्या, संस्थांची पत्रकं आणि शाळा-कॉलेजातले निबंध तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींची संपत नाहीत.

मजकुराची रचना म्हणजे नेमकं काय?

काय आधी सांगायचं, काय मागे ठेवायचं आणि दोन गोष्टी कशाने जोडायच्या, एवढंच. अभ्यासक साधारण पाच प्रकार सांगतात: वर्णन, घटनाक्रम, कारण-परिणाम, तुलना आणि समस्या-उपाय. ही नावं पाठ करून फारसा उपयोग नाही. कुठलाही बरा लेख यातले दोन-तीन प्रकार मिसळूनच उभा राहतो.

माहिती खरी असली की झालं. रचनेचा एवढा बाऊ कशाला?

कारण या विषयावर वाचकाने आधीच पुष्कळ वाचलेलं असतं. पहिल्या दोन ओळींतच तो ओळखतो की आता कासव येणार, मग आकडे येणार आणि शेवटी कापडी पिशवी. तिथेच तो पान पुढे सरकवतो.

शेवट माहीत असला म्हणून माणसं उठून जातात, असं मात्र नाही. कीर्तनातलं आख्यान सगळ्यांना तोंडपाठ असतं, तरी मंडळी बसून राहतात. बुवांनी पूर्वरंगात एक प्रश्न उभा केलेला असतो आणि उत्तररंगातल्या कथेतून तो कसा सुटतो, हे ऐकायचं असतं. आपल्या लेखांत नेमका तो प्रश्नच नसतो. ‘प्लास्टिक घातक आहे’ हे विधान झालं. ‘घाटकोपरच्या नाल्यात पडलेलं वेफर्सचं पाकीट समुद्रापर्यंत पोचतं तरी कसं?’ हा प्रश्न. वाचक थांबतो तो प्रश्नासाठी.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. दोष कोणाच्या पदरात पडणार, हे रचना ठरवते. बरेचदा लिहिणाऱ्याच्याही नकळत.

मग सुरुवात कुठून करावी?

बहुतेक जण किनाऱ्यावरून करतात. पावसाळ्यात मोठं उधाण येऊन गेलं की दादर, जुहू, माहीमच्या वाळूवर पिशव्या, चपला, बाटल्या, थर्मोकोलचे तुकडे यांचा पट्टा पसरतो. फोटो तयारच असतो, त्यामुळे लेखही तिथूनच सुरू होतो. इथून सुरुवात केली की पहिला प्रश्न आपोआप ‘हे टाकलं कोणी?’ असा येतो, आणि उत्तर ‘आपणच’. पुढचा सगळा लेख नागरिकांच्या बेशिस्तीवर जातो.

तीच गोष्ट कारखान्यापासून सुरू करून पाहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं, आणि त्यातून निघालेल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्क्यांचंच पुनर्चक्रीकरण झालं होतं. इथून निघालात तर पहिला प्रश्न ‘एवढं बनवतं कोण, आणि का?’ असा असतो. चौपाटीवर चिप्सचं पाकीट टाकणारा माणूस या गोष्टीत येतो, पण बऱ्याच उशिरा आणि लहान भूमिकेत.

हा वाद फक्त लेखकांचा नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लास्टिकवर जागतिक करार करायचं ठरवलं. त्यानंतरच्या वाटाघाटी २०२४ च्या अखेरीस बुसानमध्ये अडल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात पुन्हा अडल्या. एका गटाला उत्पादनावरच मर्यादा हवी होती. तेल उत्पादक देश आणि त्यांच्या बाजूचे म्हणत होते, कचऱ्याच्या व्यवस्थापनावर बोलू. उत्पादनाच्या मर्यादेला भारताचाही विरोध होता. थोडक्यात, गोष्ट तेलाच्या विहिरीपासून सांगायची की किनाऱ्यावरच्या वाळूपासून, यावरच जग अडून बसलं. तुमच्या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात हीच निवड असते. जाणून करा, एवढंच म्हणणं.

घटनाक्रमाने लिहिलं तर रटाळ होत नाही का?

‘अमुक साली हा ठराव झाला, तमुक साली ती बंदी आली’ असं लिहिलं तर होतंच. ती नुसती जंत्री. पण समुद्रातलं प्लास्टिक हा मुळात प्रवास करणारा विषय आहे. वस्तूच्या मागे मागे जाणारा घटनाक्रम इथे जितका जमतो, तितका क्वचितच दुसरीकडे जमत असेल.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण खेळण्यांतल्या बदकांचं. जानेवारी १९९२ मध्ये हाँगकाँगहून अमेरिकेतल्या टॅकोमा बंदराकडे निघालेल्या जहाजावरून उत्तर पॅसिफिकमधल्या वादळात काही कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात न्हाणीघरात खेळायची २८ हजारांहून अधिक प्लास्टिकची खेळणी होती: पिवळी बदकं, लाल बीव्हर, निळी कासवं, हिरवे बेडूक. पुठ्ठ्याची खोकी पाण्यात विरघळली आणि खेळणी सुटी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अलास्कातल्या सिटका गावाजवळच्या किनाऱ्यावर ती लागायला सुरुवात झाली. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञाने किनाऱ्यांवर वस्तू वेचणाऱ्या लोकांकडून नोंदी गोळा केल्या, आणि जेम्स इनग्राहम यांच्या संगणकीय प्रारूपाशी ताडून उत्तर पॅसिफिकच्या वरच्या भागातलं पाणी एक फेरी सुमारे तीन वर्षांत पूर्ण करतं, हे दाखवलं. दोन वर्षं आधी, १९९० मध्ये, त्याच समुद्रात पडलेल्या हजारो नायकी बुटांचाही माग याच जोडीने काढला होता.

ही गोष्ट वाचताना कोणीही मध्ये थांबत नाही. बदक आता कुठे निघणार, ही उत्सुकता टिकून राहते, आणि सागरी प्रवाहांचा एक अख्खा धडा वाचकाच्या नकळत पोटात जातो. प्रवाहांची व्याख्या आधी देऊन मग बदकं आणली असती, तर बदकांपर्यंत कोणी पोचलंच नसतं.

एक मेख आहे. गोष्ट इतकी गोड आहे की प्लास्टिक म्हणजे जहाजावरून पडणारं काहीतरी, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात बहुतांश प्लास्टिक जमिनीवरून जातं. म्हणून बदकं वापरा, पण त्यांच्या मागोमाग मिठी नदीही येऊ द्या: पवई आणि विहार तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंतचे सुमारे १८ किलोमीटर, वाटेत मिळणारे नाले, पावसाचा लोंढा, मग भरती-ओहोटी. हाही घटनाक्रमच आहे, फक्त यात बदक नाही.

बातमीसाठी उलटा पिरॅमिडच वापरावा का?

उलटा पिरॅमिड म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी, बाकीचं उतरत्या क्रमाने. घटना ताजी असेल तर हो. काय, कुठे, कधी, किती हे इंट्रोत, म्हणजे पहिल्या परिच्छेदात, आलंच पाहिजे. रात्री उशिरा पानावर जागा कमी पडली की उपसंपादक खालून कात्री लावणार, हे धरूनच लिहायचं असतं. गंमत अशी की या रचनेत पर्यावरणाचा भाग नेहमी खाली असतो, म्हणून आधी तोच उडतो.

२५ मे २०२५ रोजी कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज सहाशेहून अधिक कंटेनरसह बुडालं. त्या दिवसाची बातमी अशी होणं रास्त होतं:

“कोचीच्या किनाऱ्याजवळ मालवाहू जहाज बुडाले. जहाजावरील सर्व २४ जणांची सुटका करण्यात आली. जहाजात घातक रसायनांचे कंटेनर असल्याने दक्षतेचा इशारा देण्यात आला आहे.”

पण काही दिवसांनी तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे दाणे लागू लागले. तेव्हाही उलटा पिरॅमिड धरून बसलो, तर ‘जहाज दुर्घटना: किनाऱ्यावर प्लास्टिक’ यापलीकडे काही निघत नाही. दाणे म्हणजे काय, हे वाचकाला दिसायला हवं. उदाहरणार्थ:

“वाळू मुठीत घेऊन हळूहळू सोडली की तळहातावर पांढरे दाणे राहतात. साबुदाण्याएवढे. बादल्या, पाइप, खुर्च्या, पिशव्या बनवणाऱ्या जगभरच्या कारखान्यांत प्लास्टिक पोचतं ते याच रूपात. वाळू आणि दाणे वेगळे करायचे तर चाळणी लागते, आणि किनारा किलोमीटरमध्ये मोजायचा असतो.”

इथे जहाजाचं नाव चौथ्या-पाचव्या ओळीत आलं तरी बिघडत नाही. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागली आणि सुमारे १,६८० टन दाणे समुद्रात गेले. तो संदर्भही इथेच आणा, शेवटच्या चौकटीत टाकू नका. चार वर्षांपूर्वी शेजारी हेच घडलं होतं, हा या बातमीचा कणा आहे.

आकडे कुठे आणि किती द्यावेत?

सुरुवातीला एक, फार तर दोन. आणि आकड्याला डोळ्यांपुढे उभी राहील अशी तुलना जोडून.

संशोधक जेना जँबेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत अंदाज मांडला की २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. बातम्यांत त्याचं ‘८० लाख टन’ झालं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती जँबेक यांनीच दिलेली तुलना: जगाच्या किनारपट्टीच्या प्रत्येक फुटावर प्लास्टिकने भरलेल्या पाच पिशव्या. लाख टन कोणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत, पाच पिशव्या राहतात.

तुलना चुकली तर मात्र नुकसान होतं. पॅसिफिकमधल्या कचऱ्याच्या पट्ट्याला कोणीतरी ‘प्लास्टिकचं बेट’ म्हटलं आणि ते रूढ झालं. वाचक उपग्रहाच्या चित्रांत बेट शोधतो, ते सापडत नाही, मग त्याला सगळाच बनाव वाटतो. २०१८ च्या अभ्यासात या पट्ट्याचं क्षेत्रफळ १६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट, आणि तरंगणारं प्लास्टिक सुमारे ७९ हजार टन असं दिलं आहे. भागाकार करा: एका चौरस किलोमीटरला सरासरी पन्नास किलोच्या आसपास. तिथे जहाजातून जाणाऱ्याला बरेचदा निळं पाणीच दिसेल. खरी अडचणही हीच आहे, कारण इतकं विखुरलेलं गोळा कसं करणार? ‘बेट’ म्हटल्याने हा सगळ्यात चांगला प्रश्न हातचा जातो.

एकाच प्राण्याची गोष्ट सांगितली तर जास्त परिणाम होतो म्हणतात. खरं का?

होतो. एका जिवाविषयी जितकं वाटतं तितकं लाखोंविषयी वाटत नाही, हे पॉल स्लोविक यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्रयोगांतून दाखवलं आहे. पण परिणाम कोणत्या दिशेला होतो, तेही पाहायला हवं.

ऑगस्ट २०१५ मध्ये कोस्टा रिकाच्या समुद्रात संशोधकांनी एका कासवाच्या नाकपुडीतून स्ट्रॉ ओढून काढली. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. त्याची रचना कोणी बसून ठरवलेली नव्हती, तरी ती चोख होती: आधी नाकात काहीतरी अडकलंय एवढंच दिसतं, ते काय आहे हे कळत नाही, मग हळूहळू उलगडा होतो. रहस्यकथाच. पुढच्या तीन वर्षांत सिएटलसारख्या शहराने स्ट्रॉवर बंदी आणली, स्टारबक्सने स्ट्रॉ बंद करायची घोषणा केली. त्याच सुमारास ‘अमेरिकेत रोज ५० कोटी स्ट्रॉ वापरल्या जातात’ हा आकडा सगळीकडे छापून येत होता. तो एका नऊ वर्षांच्या मुलाने २०११ मध्ये उत्पादकांना फोन करून काढलेला अंदाज होता. मुलाचं कौतुकच आहे, पण मोठमोठ्या वृत्तपत्रांनी तो तपासायला हवा होता.

समुद्रातल्या प्लास्टिकमध्ये स्ट्रॉचा वाटा अगदी किरकोळ. उलट वर सांगितलेल्या पॅसिफिकच्या पट्ट्यात वजनाने ४६ टक्के भाग मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. शिवाय ज्यांना हात-तोंडाच्या आजारामुळे वाकणारी स्ट्रॉ लागतेच, त्या अपंगांना या बंदीची झळ बसली. कासवाच्या गोष्टीत त्यांना जागाच नव्हती.

म्हणून एका जिवापासून सुरुवात जरूर करा, पण त्याच्याजवळ मुक्काम ठोकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात विचारा, ‘असं किती वेळा होतं आणि बहुतेक वेळा कशाने होतं?’ आपल्याकडे कासव बहुधा जाळ्यात अडकलेलं सापडतं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये सुरू केली. जाळं कापणाऱ्या हाताची ही गोष्ट स्ट्रॉपेक्षा कितीतरी भरलेली आहे. मराठीत ती पुरेशी लिहिली गेलेली नाही.

कोळी बांधवांची बाजू लेखात कुठे यावी?

शेवटी ‘दरम्यान, मच्छीमारांनी नाराजी व्यक्त केली’ अशी एक ओळ येते, तिथे तर नक्कीच नको. बोंबील, जवळा यांसाठी लावलं जाणारं डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. पाणी वाहतं, जाळं जागेवर थांबतं, आणि पाण्यासोबत येईल ते पिशवीसारख्या टोकात साठतं. म्हणजे खाडीच्या तोंडाशी काय आणि किती वाहतंय, याची नोंद कोळ्याच्या हातात रोज येते. त्याला तक्रारदार म्हणून शेवटी आणण्यापेक्षा साक्षीदार म्हणून आधी आणा. होडी धक्क्याला लागल्यावर म्हावरं आणि प्लास्टिक निवडायला किती वेळ जातो, कोण निवडतं, निवडलेलं जातं कुठे, हे विचारलंत तर अर्धा लेख तिथेच उभा राहतो. आणि टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचा प्रश्नही त्यालाच विचारा. कोळी म्हणजे फक्त पीडित, अशी सोपी मांडणी त्यांनाही रुचत नाही.

समस्या-उपाय ही रचना सगळ्यात सोपी वाटते. वापरावी ना?

वापरा, पण समस्या आणि उपाय एकाच मापाचे असू द्या. चार पानं जागतिक संकट आणि शेवटी ‘बाजारात जाताना पिशवी न्या’, हे वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

वर्सोव्याची गोष्ट या साच्यात नेहमी बसवली जाते. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी किनारा साफ करायला घेतला, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला, मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. बहुतेक लेख इथे टाळ्या वाजवून संपतात. पण दर पावसाळ्यात कचरा पुन्हा येतो. तो का येतो, या प्रश्नाने लेख पुढे सरकला, तर त्याच गोष्टीत नाले, खाड्या, वस्त्यांतली कचरागाडी आणि २०१८ ची राज्यातली प्लास्टिकबंदी सगळं येतं. काम अपुरं राहिलं असं म्हटल्याने शाह यांचं मोठेपण कमी होत नाही.

मथळा चटकदार करताना काय सांभाळावं?

मर्यादा सांगणारा शब्द गळू देऊ नका. २०१७ च्या एका अभ्यासात म्हटलं होतं की *नद्यांमधून* समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ९० टक्के दहा नद्यांतून जातं. मथळ्यात ‘नद्यांमधून’ गळलं आणि ‘समुद्रातलं ९० टक्के प्लास्टिक दहा नद्यांचं’ असं जगभर फिरलं. यादीत गंगा आणि सिंधू असल्याने आपल्याकडे तर फारच. २०२१ मध्ये नवा अभ्यास आला: नद्यांमधून जाणाऱ्या प्लास्टिकमध्ये ८० टक्के वाटा हजाराहून अधिक नद्यांचा, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्या बऱ्याच. जुना मथळा अजूनही व्हॉट्सॲपवर येतो.

वाक्याच्या पातळीवर काही?

कर्ता शोधा. ‘प्लास्टिक समुद्रात जाते’, ‘कचरा साचतो’, ‘दुर्लक्ष केले जाते’ अशा वाक्यांत कोणीच काही करत नाही, सगळं आपोआप घडतं. ‘नाल्यावर जाळी बसवायची निविदा निघाली, पण जाळी बसली नाही’ असं लिहायला गेलं की चौकशी करावी लागते. म्हणूनच पहिल्या प्रकारची वाक्यं जास्त.

उपमथळे, चौकटी, ठिपक्यांच्या याद्या?

मोबाइलवर उपमथळे हवेतच. चौकटीत व्याख्या टाका (उदा. सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे). कारणांची यादी ठिपक्यांत नको. ठिपके दिले की कशामुळे काय झालं हा सांधाच निखळतो.

‘बाटली विघटित व्हायला ४५० वर्षं’ हा तक्ता टाकू का?

नको. प्लास्टिकच्या बाटल्या वापरात येऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. असे तक्ते कुठल्या प्रयोगावर उभे आहेत हे शोधायला गेलेल्या संशोधकांना २०२० मध्ये बहुतेक आकड्यांमागे भक्कम आधार सापडला नाही. वस्तू, ऊन, पाणी बदललं की कालावधी बदलतो. ‘फार दीर्घ काळ’ म्हणा आणि पुढे चला.

मुलांना निबंधासाठी कोणती रचना सुचवावी?

‘प्लास्टिक: शाप की वरदान’ नको. त्यात अर्धा निबंध वरदान, अर्धा शाप आणि शेवटी ‘वापर करणाऱ्यावर अवलंबून’ हे ठरलेलं असतं. मुलाला विचार करायला काही उरतच नाही. ‘मी प्लास्टिकची पिशवी बोलतेय’ हा आत्मकथनाचा प्रकार मला मात्र आवडतो. त्यात घटनाक्रम आपोआप येतो. पिशवी रडायला लागली आणि माफी मागायला लागली की बिघडतं. तिला रडू द्यायचं नसेल तर मुलाच्या हातात घरातलं बिस्किटाचं रिकामं पाकीट द्या. त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, तयार केल्याची तारीख, किंमत छापलेली असते. तिथून सुरुवात. कारखाना कुठल्या गावात, तिथून आपल्या दुकानापर्यंत किती किलोमीटर, दुकानदाराने पाकीट कधी आणलं, आपण किती मिनिटांत संपवलं. मग घंटागाडी कुठे जाते, ते गाडीवरच्या कामगाराला विचारून यायचं. घरापासचा नाला कुठल्या नदीला मिळतो, ते नकाशावर बोटाने शोधायचं. जिथे उत्तर मिळणार नाही तिथे पाकिटाने ‘पुढचं मला माहीत नाही’ असं म्हणावं. शिक्षकांनी त्याचे गुण कापू नयेत.